कोठीच्या पत्र्याचा पंख

महामायानं पिकअपच्या मागच्या फाळक्यावर चढून पंखाला लोकरीचा आणखी एक तुकडा बांधला आणि उरलेली लोकर दातानं तोडली. खाली नागुबाई लाल लोकरीचा गुंडा धरून उभी होती. पंढरी गाडीच्या तोंडाशी रेडिएटरमध्ये पाणी ओतत होता. मायलेकींच्या या उद्योगाशी आपलं काही देणंघेणं नाही, असा चेहरा त्यानं सकाळपासूनच करून ठेवला होता.

"एवढ्या चिंध्या कशाला बांधून राहिलीस?" नागुबाईनं विचारलं. "गाडी जत्रंला न्यायची हाय का पासिंगला?"

"वारा दिसत न्हाई ना माय. लोकर दिसती. वारा जिकडं वढंल तिकडं ती जाणार."

"बरं, दिसू दे. आन दिसल्यावर त्या सायबाला तूच सांग, ह्यो पंख गाडी दाबून धरतो म्हणून."

भानगड पासिंगलाच झाली होती. आजवर कुणी हरकत घेतली नव्हती, पण यंदा तपासणाऱ्या नव्या साहेबानं पिकअपच्या पाठीवरचा तो पत्रा पाहिला आणि म्हणाला, हा कंपनीचा नाही, काढून आणा, मग बघू. पंढरी लगेच 'काढतो' म्हणाला. घरी आल्यावर मात्र नागुबाईनं पाना लपवून ठेवला. एरवी ही बाई समजूतदार. पण एकदा नाही म्हटली की नाहीच, हे कंधारच्या अर्ध्या बाजाराला ठाऊक होतं. त्यात लेक सुट्टीला घरी आली. महामाया नांदेडला इंजिनिअरिंग शिकत होती. तिच्या कॉलेजातली पोरं शर्यतीसाठी एक पिकअप तयार करत होती आणि तिच्या मागच्या पंखाचं काम नेमकं हिच्याकडे होतं. एवढा मोठा साक्षीदार आपल्या पायानं घरी चालून आल्यावर नागुबाई कशाला माघार घेते!

पंख म्हणजे काय, तर वाकवलेला पत्र्याचा तुकडा. अँगलच्या दोन पायांवर, फाळक्याच्या वर, गाडीच्या रुंदीइतका आडवा. नागुबाईच्या बापानं लग्नात ज्वारीची कोठी दिली होती, तिचा हा पत्रा. गोल कोठीचा असल्यामुळे बाक आयताच मिळाला होता.

तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पंढरीनं नवी पिकअप घेतली होती आणि तालुक्यात तिच्याइतकी पळणारी दुसरी गाडी नव्हती. कोथिंबीर भरून रात्री निघायचं, पहाटे हैदराबाद गाठायचं. नागुबाई सोबत असायची, कारण तिचं माहेर देगलूरचं. तिला तेलुगू येत होतं आणि तिकडच्या आडत्यांशी भांडायला तेलुगूच लागतं. माल उतरला की रिकामी गाडी पळवत परत आणायची, म्हणजे संध्याकाळची दुसरी खेप मिळायची. पण रिकामी पिकअप मागून हलकी. वेग वाढला की पाठ उड्या मारायची, वळणावर मागची चाकं सरकायची. दगड टाकून पाहिला, तर तो घसरून फाळका ठोकत राहायचा. वाळूचं पोतं टाकलं, तर ते फुटून पुढच्या खेपेच्या कोथिंबिरीत कचकच झाली.

मग नागुबाईच म्हणाली, मी बसते की मागं.

आणि बसली. उन्हातान्हात, पदर तोंडाला गुंडाळून, रिकाम्या क्रेटला पाठ लावून, फाळक्याशी. पंढरी नको नको म्हणायचा आणि ही त्याचं ऐकायची नाही. गाडी वाऱ्यासारखी यायची. दुसरी खेप कधी चुकली नाही. बाजारात लोक हसायचे, पंढरीनं बायकोला बुडाचा दगड केलाय म्हणायचे. नागुबाई त्यांनाही तिथल्या तिथं ऐकवायची. ती मनातून खूश होती. गाडीला आपली गरज आहे, हे काही थोडं नव्हतं.

एके दिवशी पंढरीनं कोठी कापली. शर्यतीच्या गाडीचं चित्र त्यानं कुठल्याशा मासिकात पाहिलं होतं. चार दिवस ठोकाठोक करून त्यानं पंख बसवला आणि म्हणाला, "आता वाराच गाडी दाबून धरंल. तू पुढं बस."

ती पुढं बसली, ती बसलीच. पुढची वर्षं आठवली की आजही तिचा ऊर भरून येई. देगलूर ओलांडलं की एका चिंचेखाली थांबून भाकरी खायची. पंढरी एरवी मुलखाचा अबोल, पण स्टेरिंगवर बसला की बोलायचा. आईबद्दल, शाळेबद्दल, न झालेल्या नोकरीबद्दल. महामाया पोटात असतानाही ती त्या सीटवर बसून हैदराबादला गेली होती. या सगळ्यात एकच खोट होती. पंख लावल्यापासून पंढरी गाडी हळू चालवू लागला. दुसरी खेप हातची जाऊ लागली आणि शेवटी ती बाजारातल्या दुसऱ्या गाडीवाल्याला, बालाजीला मिळाली. "पंख लावला आन गाडीचं कासव झालं," असं ती वर्षभर त्याला टोमणे मारत होती. तो ऐकून घ्यायचा.

बायपासवर त्या वेळी फारशी वर्दळ नव्हती. पंढरीनं पिकअप काढली आणि मागून स्कूटीवर मायलेकी निघाल्या. गाडीनं वेग घेतला तशी नागुबाईनं लेकीच्या खांद्यावरून मान पुढे काढली. टपावरची लोकर सरळ मागे ताणली गेली होती. हौद्यातली मात्र येडपटासारखी गोल फिरत होती आणि फाळक्यावरचे तुकडे तर उलटे, पुढच्या बाजूला झुकले होते. पंखावरचे कधी वर, कधी खाली, वाटेल तसे फडफडत होते.

परत येऊन गाडी दारात लागली, तेव्हा महामाया पुन्हा फाळक्यावर चढली आणि पंख न्याहाळू लागली.

"सांग की!" नागुबाई म्हणाली.

"माय, कॅबिनवरनं आलेला वारा हौद्यात पडून गिरक्या घेतो. आपला पंख त्याच गिरकीत हाय. तो लई वर पायजे होता, सरळ वाऱ्यात. आन दुसरं म्हंजे..." तिनं पत्र्याच्या फुगीर पाठीवर हात ठेवला. "ही बाजू खाली पायजे. इमानाचा पंख असा असतो, वरनं फुगीर. तो उचलतो. गाडी दाबायची तर तोच उलटा लावायचा. आमच्या गाडीला तसाच लावलाय."

"उलटा लावल्यावर पावसाचं पाणी साचंल की त्याच्यात!"

महामायाला हसू आलं. घरावरचा पत्रा असो, कोठीचं झाकण असो, फुगीर बाजू वर आणि उतार बाहेर, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. बाबांनी पंखही तसाच बसवला होता.

"म्हंजे इतकी वर्सं ह्यो नुसता मिरवला?" नागुबाईनं विचारलं.

"थोडाफार उचलतच असंल. लई न्हाई, पण जोरात गेल्यावर मागनं गाडी आणखी हलकी झाली असंल." ती बापाकडे वळली. "बाबा, तुमाला स्टेरिंगवर कळलं न्हाई का हो?"

"कळलं की," पंढरी म्हणाला.

"कवा?"

"पयल्याच खेपंला."

महामाया आणखी काही विचारणार, तेवढ्यात तिचा फोन वाजला. कॉलेजातल्या पोरांचा होता. ती बोलत बोलत आत गेली.

नागुबाई आत गेली, कणगीमागे दडवलेला पाना घेऊन आली आणि मुकाट्यानं त्याच्या हातात दिला. पंढरी फाळक्यावर चढला. बोल्ट गंजले होते, पहिला सुटायलाच वेळ लागला. ती खाली उभी राहून त्याच्याकडे पाहत होती. पहिल्याच खेपेला कळलं होतं. म्हणजे तो हळू चालवत होता तो भिऊन नाही, आळसानं नाही, पंख गाडी उचलतो हे माहीत होतं म्हणून. दुसरी खेप गेली, बालाजीनं त्या खेपेच्या कमाईवर दुसरी गाडी उभी केली, आपण वर्षभर घालूनपाडून बोललो, आणि या माणसानं एका शब्दानं सांगितलं नाही. तिला राग आला. मग तो राग नसावा असं तिचं तिलाच वाटलं, कारण डोळे भरून आले होते.

"अवो."

"हं."

"कळलं व्हतं तर तवाच काढून का न्हाई टाकला?"

पंढरीनं दुसऱ्या बोल्टला पाना लावला. जोर देताना त्याचे ओठ आवळले गेले. बोल्ट कुरकुरला आणि थोडा फिरला.

"काढला असता," तो म्हणाला, "तर तू पुन्हा मागं जाऊन बसली असती."