काजळीच्या पणतवाचा आहार

काजळीच्या पोटी ठिपकी जन्मली, ठिपकीच्या पोटी राणीसाहेब, आणि राणीसाहेबांच्या पोटी, पाच भावंडांत सर्वांत धाकटा व सर्वांत केसाळ, असा गोंडा जन्मला. मांजरांच्या वंशावळी सहसा कोणी पाठ करीत नाही. परंतु थोरल्या जाऊबाईंना ही मुखोद्गत होती, कारण तिच्या पहिल्याच नावाशी त्यांचे एक देणे अडकलेले होते.

थोरल्या जाऊबाई त्या काळी इस्पितळाच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख होत्या. चारशे खाटा, तीन वेळचे जेवण, आणि कोणत्या खाटेवर मीठ वर्ज्य व कोणत्या खाटेवर साखर, हे त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येई. एकवीस वर्षांपूर्वी त्यांच्या कोठारात उंदरांनी उच्छाद मांडला. तपासणी आठ दिवसांवर आली होती. तेव्हा त्यांनी आपल्या धाकट्या जावेकडून काजळी मागून नेली. काजळीने पाच दिवसांत कोठार निर्मळ केले. सहाव्या दिवशी मालाची गाडी आली. मागचे दार सताड उघडे ठेवा, असा हुकूम थोरल्यांनीच सोडला. आणि त्या दारातून काजळी जी गेली, ती गेलीच.

घरी दोन महिन्यांची ठिपकी चार दिवस प्रत्येक पडद्यामागे आईला शोधत हिंडली. पडदे पुष्कळ होते, कारण पडदे शिवणे हाच धाकटीचा व्यवसाय होता. धाकटी भांडली नाही. एवढेच म्हणाली, "एक मांजर नेलंत, जाऊबाई. एक मांजर देणं लागता."

थोरल्यांनी दुसऱ्याच आठवड्यात कुठूनसे एक गोजिरवाणे पिल्लू आणून तिच्यापुढे धरले.

"हे मांजर आहे," धाकटी म्हणाली. "काजळी नाही."

त्यानंतरही येणेजाणे सुरू राहिले, सुखदुःखाला दोघी एकमेकींच्या दारी उभ्या राहिल्या. पण धाकटीने त्यांना पुन्हा कधी साधी कात्रीसुद्धा उसनी दिली नाही.

आणि आता तीच धाकटी काठी टेकत, धापा टाकत त्यांच्या दारात उभी होती. टॅक्सीवाल्याने तिच्यामागून एक झाकणाची टोपली आणून ठेवली.

"सहा आठवडे लागतील," ती म्हणाली. "खुब्याचं ऑपरेशन काही टळत नाही, आणि याला सांभाळायला दुसरं कोणी नाही."

"म्हणजे दुसरं कोणी असतं, तर इथे आणला नसतास."

"नसता आणला," धाकटी प्रामाणिकपणे म्हणाली.

थोरल्यांनी टोपलीत हात घातला. बाहेरून पाहता गोंडा एखाद्या गुबगुबीत उशीसारखा दिसे. पण केसांखाली बोटे गेली, तेव्हा हाताला नुसत्या बरगड्या लागल्या.

"हा खात नाही का गं?"

"खातो. मग ओकतो. दिवसाआड केसांची गुंडाळी पडते. म्हातारपण, दुसरं काय!"

"वय काय त्याचं?"

"आठ."

"आठ म्हणजे म्हातारपण? मग तू आणि मी काय, उत्खननात सापडलो?"

धाकटी हसली नाही. तिने कोरड्या खाण्याचे एक पाकीट आणि चार घड्या घातलेला कागद पुढे केला. "यात सगळं लिहिलंय. वाचा मात्र."

चाळीस वर्षे आजाऱ्यांना जेवू घातलेल्या बाईला कागद देणे हे थोरल्यांच्या मनाला लागले. त्यांनी तो न उघडता चष्म्याच्या डबीत कोंबला, पाकीट माळ्यावर टाकले आणि फ्रिजच्या दारावर स्वतःच्या अक्षरात एक तक्ता लावला. ओकणाऱ्या रुग्णाला हलका आहार द्यायचा, हा नियम त्यांनी हजारो खाटांवर पाळला होता. सकाळी दुधात भिजवलेला पाव, दुपारी पातळ सूप, सायंकाळी पुन्हा पाव. गोंडा पहिल्या दिवशी शिष्टाचार म्हणून जेवला. दुसऱ्या दिवशी त्याचे पोट बिघडले. तिसऱ्या दिवशी तो खिडकीच्या जाळीशी बसून दिवसभर स्वतःला चाटत राहिला. चौथ्या दिवशी त्याने तक्त्याकडे पाठ फिरवली, मान लांब करून खोल आवाजात उबळी काढल्या, आणि बाहेर काहीच पडले नाही.

"चमचाभर तेल ओता घशात," शेजारीण म्हणाली. "सुळकन निघेल."

थोरल्यांनी तेलाची बाटली हातात घेतली, गोंड्याच्या अर्धवट मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिले आणि बाटली खाली ठेवली. दुसऱ्यांदा त्या काजळीच्या घरातले मांजर हातचे घालवणार होत्या. त्यांनी टोपली उचलली.

प्राण्यांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण त्यांच्या नातीच्या वयाची होती. तिने गोंड्याचे पोट हलक्या हाताने चाचपले, एक्स-रे काढला, आणि मग प्रश्नांची सरबत्ती सुरू केली.

"दोरा-बिरा गिळला नाही ना?"

"दोरे याच्या मालकिणीकडे. माझ्याकडे नाहीत."

"तेल वगैरे पाजलंत?"

"पाजणार होते. नाही पाजलं."

"बरं केलंत. जबरदस्तीनं पाजलेलं तेल फुप्फुसात जातं. खायला काय देता?"

थोरल्यांनी तक्ता सांगितला. सांगताना आवाज चढा होता. शेवटाकडे तो उतरला, कारण डॉक्टरीणबाईंनी लिहिणे थांबवले होते.

"सुपात कांदा?"

"मीठ नाही, कांदा नाही. इस्पितळाचं सूप आहे ते."

"नशीब. आजी, तुमचा तक्ता माणसासाठी उत्तम आहे. पण हा माणूस नाही ना! याला मांस लागतं. दूध पचत नाही, पावात काही नाही. आणि याचं दुखणं पोटाचं नाही, केसांचं आहे. चाटलेले केस पोटात साठतात. तुम्ही याला विंचरता का?"

 थोरल्यांनी चष्म्याची डबी उघडून आतला कागद काढला. धाकटीच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिले होते:

"पाणी जेवणाच्या वाटीपासून लांब ठेवावे, नाहीतर पीत नाही. रोज विंचरायला हवे. माझ्या बोटांच्या गाठींमुळे दोन वर्षे जमलेले नाही, तुम्हाला जमले तर पाहा. खाणे जे स्वस्त मिळाले ते घालत आले, त्याची लाज वाटते. काही बरेवाईट झाले, तर जिवाला लावून घेऊ नका. काजळीचे मी केव्हाच सोडून दिले आहे."

थोरल्यांनी कागद वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून शेवटची ओळ वाचली.

"सोडून दिलं म्हणे," त्या स्वतःशी पुटपुटल्या. "मी कुठे सोडलंय?" आणि चष्मा पुसून डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "हं, सांगा. पहिल्यापासून सांगा. मी लिहून घेते."

आतडे अडकलेले नव्हते. गोंड्याला कातडीखालून पाणी चढवले, एक औषध दिले, आणि पुन्हा कोरड्या उबळी येऊन खाणे सुटले, तर घरात प्रयोग न करता तडक घेऊन या, अशी ताकीद मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बैठकीच्या सतरंजीवर बोटाएवढी लांब, ओली, करडी गुंडाळी पडली. ज्या बाईने एका केसापायी संपूर्ण पातेले ओतून द्यायला लावले होते, तीच बाई आज त्या घाणीसमोर हात जोडून उभी राहिली.

मग त्या प्राण्यांच्या खाद्याच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने एक चकचकीत पाकीट पुढे केले.

"हे घ्या आजी. केसांच्या गुंडाळीवर खास. चित्र बघा, किती तुकतुकीत मांजर आहे!"

"चित्र खाणार आहे का ते? मागची बाजू दाखवा."

भिंग निघाले. पुरवठादारांच्या याद्या वाचण्यात जन्म गेलेल्या त्या डोळ्यांपुढे काय टिकणार!

"पहिला मका. दुसरा गहू. मांस पाचवं. अहो, हे मांजरासाठी आहे की कोंबड्यांसाठी?"

"तंतू भरपूर आहेत ना पण त्यात."

"भुशात त्याहून जास्त असतात. मला मांस पहिलं हवं, तंतू बेताचे हवेत, आणि घरात राहणाऱ्या मांजराचा संपूर्ण आहार, असं स्पष्ट छापलेलं हवं. आणि ओलं खाणं दाखवा. याच्या पोटात पाणी गेलं पाहिजे."

दुकानदाराने शिडी लावली. नववे पाकीट पसंत पडले. निघताना तो नम्रपणे म्हणाला, "आजी, तुम्ही पुन्हा येणार असाल तर आधी कळवा. मी वरचा कप्पा पुसून ठेवतो."

नवे खाणे एकदम दिले नाही; आधीच्या खाण्यात चमचा चमचा मिसळत दहा दिवसांत बदलले. माळ्यावरचे पाकीट त्यासाठी मानाने खाली उतरले. पाण्याची वाटी खिडकीपाशी गेली. रोज साडेचारला थोरल्या मांडीवर टॉवेल पसरून कंगवा घेऊन बसत. पहिल्या दिवशी गोंडा फिस्कारला. "फिस्कार," त्या म्हणाल्या, "मोठमोठे सर्जन माझ्यावर फिस्कारले आहेत." आठवड्याने तो साडेचार वाजता स्वतःच टॉवेलवर येऊन बसू लागला. कंगव्यात निघालेल्या केसांचा एवढा ढीग होई की त्यातून दुसरा गोंडा उभा करता आला असता. उलट्या दिवसाआडवरून आठवड्याला एकीवर आल्या. शेवटच्या पंधरवड्यात एकही झाली नाही.

सहा आठवड्यांनी धाकटी आपल्या घरी खुर्चीत बसली होती. थोरल्यांनी टोपली तिच्या पायाशी ठेवून झाकण उघडले. गोंडा डुलत डुलत बाहेर आला, खोली हुंगली, आणि जड अंगाने धाकटीच्या मांडीवर चढला.

"अगं बाई!" धाकटीच्या गाठाळ बोटांनी केस बाजूला केले. "बरगड्या कुठे गेल्या?"

"तू आणलास तेव्हा तीन किलो चारशे होता. आज चार किलो शंभर. माझ्या काट्यावर तोललाय, तेव्हा शंका नको." थोरल्यांनी तक्ता भिंतीला लावला, हा नवा होता. "खाणं याप्रमाणे. विंचरायला रोज साडेचारला मी येईन. तू फक्त चहा ठेव."

धाकटीने खुर्चीतूनच तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला.

"कागद वाचलात?"

"वाचला. उशिरा वाचला."

"त्यात लिहिलं होतं मी. काजळीचं सोडून दिलं म्हणून."

"सोडलेलं वेगळं, फिटलेलं वेगळं." थोरल्या खुर्चीसमोर ताठ उभ्या राहिल्या, चारशे खाटांच्या स्वयंपाकघरातही त्या इतक्या ताठ कधी उभ्या राहिल्या नसतील. "तू मला जायला निघालेलं मांजर दिलंस. मी तुला राहणारं मांजर आणलंय, आणि काजळीच्याच घरातलं. आता तू सांग."

धाकटीने गोंड्याच्या पाठीवरून हात फिरवला. हातात एकही सुटा केस आला नाही. तिने उजव्या हाताला असलेला शिवणाचा खण उघडला, आतली मोठी कात्री काढली आणि मुठीकडून थोरल्यांपुढे धरली.

"तुमच्या टॉवेलचे दोरे सुटलेत, तो मघाशी टोपलीत दिसला. ही घेऊन जा, कापा, आणि उद्या येताना आणा," ती म्हणाली. "फिटलं, जाऊबाई. सगळं फिटलं."