भिंतीवरच्या क्यूआर कोडचा चौथा कोपरा

मित्रांनो, मी एक जुना क्यूआर कोड आहे. जुना म्हणजे किती, असं विचाराल, तर माझा रंग दोन ठिकाणी तडकला आहे आणि माझ्या बरोबरीचे कागदी कोड केव्हाच कचरापेटीत गेले आहेत. आमच्यात म्हातारपण यायला एवढं पुरतं.

तुम्ही माझे भाऊबंद रोज पाहता. हॉटेलच्या टेबलावर, औषधाच्या खोक्यावर, तिकिटावर. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, कुणीतरी शब्दकोडं आखलं आणि सोडवणाऱ्याची जिरवायला शब्दच काढून घेतले. खरं तर माझ्या पोटात एक पत्ता असतो. फोनने माझ्याकडे पाहिलं की मी तो सांगतो आणि फोन माणसाला त्या पत्त्यावरच्या पानावर नेऊन सोडतो. हुशारी सगळी त्या पानाची. मी आपला दारावरचा माणूस.

माझा जन्म बॉबिनमुळे झाला. बॉबिन हे एका मुलीचं टोपणनाव. लहानपणी ती एका जागी बसायची नाही, शिलाई मशीनमधल्या दोऱ्याच्या बॉबिनसारखी सारखी गरगरायची, म्हणून तिच्या काकांनी ते ठेवलं. पुढे ती खरोखरच शिलाई मशीन दुरुस्त करायला शिकली आणि नाव कायमचं चिकटलं. तिने एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दुकान काढलं. खिडकी रस्त्यावर, पण जिना मागच्या गल्लीतून. खाली गाद्यांचं दुकान. गादीवाल्यांनी आपल्या भिंतीवर हातभर चौकोन दिला आणि बजावलं, "याच्याबाहेर एक ओळ चालेल. दुसरी दिसली तर पुसून टाकीन."

हातभर जागेत जिन्याची वाट, कामाच्या वेळा आणि मशीन कसं सांभाळावं, हे सगळं कसं मावणार? बॉबिनने ते एका पानावर मांडलं, त्याचा कोड छापून आणला, कागदावर फोन धरून तपासला आणि भिंतीवर चिकटवायला निघाली.

तिचे काका आडवे आले. ते पाट्या रंगवणारे. सगळी बाजारपेठ त्यांना पेंटरकाका म्हणायची.

"माझ्या पुतणीच्या दुकानाला कागद? उद्या ऊन लागलं की पापडासारखा वर येईल. आण इकडे, मी रंगवतो."

त्यांनी दोरीला खडू फासून भिंतीवर रेघा पाडल्या आणि कागदाकडे बघत एकेक चौकोन भरायला घेतला. येणारे-जाणारे थांबायचे. "काका, भिंतीला गोवर आला का?" असं कुणी विचारलं की काका म्हणायचे, "हो, आणि पसरतोय. लांब उभे राहा." वर त्यांनी एक ओळ लिहिली: शिलाई मशीन बिघडलं? मला बघा.

काम संपल्यावर काका दोन पावलं मागे गेले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. माझ्या तीन कोपऱ्यांत ठळक चौकोन होते. चौथ्या कोपऱ्यात नुसती बारीक टिंबं. जन्मभर डावी-उजवी बाजू जुळवणाऱ्या माणसाला ते कसं सहन होणार? काकांनी छापणाऱ्याला मनातल्या मनात गाढव म्हटलं, ब्रश बुडवला आणि चौथ्या कोपऱ्यातही एक झकास चौकोन काढला. त्यांचा स्वतःचा फोन बटणांचा, त्याला कॅमेरा नाही. बॉबिनने मात्र आपला फोन काढला, आणि काकांनाच माझ्यासमोर उभं करून फोटो घेतला. मला पाहायला आलेला पहिला फोन काकांच्या पोटाकडे बघून परत गेला.

नंतर माझं फार कौतुक झालं. काय रेघ आहे, काय रंग आहे. फक्त मी उघडत नव्हतो.

लोक यायचे, फोन धरायचे, मग फोन शर्टाला पुसायचे, तिरका करायचे, पुन्हा धरायचे. शेवटी "आपलाच फोन जुना झाला," असं पुटपुटून निघून जायचे. दोष माझा आहे असं एकालाही वाटलं नाही. इतक्या देखण्या कोडवर शंका कोण घेणार?

बॉबिन वरून खिडकीतून हे सगळं बघायची. तिला वाटायचं, माणसं थांबतात, वाचतात आणि वर येत नाहीत. तिने पानावरचा मजकूर बदलून पाहिला, वेळा वाढवल्या. माझा चेहरा तसाच ठेवून आतलं पान बदलता येतं, ही आमची एक सोय. पण जिथे दारच उघडत नाही तिथे आतलं सामान कितीही हलवा. ती दिवसभर एकाच मशीनला तेल घालत बसायची. ते मशीन तिचं स्वतःचं होतं आणि त्याला काही झालेलं नव्हतं.

मग मशीनच्या एका कंपनीकडून नोकरीचं बोलावणं आलं. दुसऱ्या गावी राहायचं आणि दिवसभर फोनवर तक्रारी ऐकायच्या. सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

"जाऊ नको म्हणत नाही," तिची आई म्हणाली, "पण तुला फोनवर बोलायचा कंटाळा येतो. माझा फोनसुद्धा तू दोन वाक्यांत ठेवतेस."

"लोक माझं सगळं वाचून निघून जातात, आई. यातून दुसरं काय समजायचं?"

रविवारी सकाळी शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आल्या. त्यांच्या मशीनचे टाके सुटत होते. त्यांनी माझ्यासमोर फोन धरला, फोन पुसला, पुन्हा धरला. मग इतरांनी जे केलं नव्हतं ते केलं. मान वर करून सबंध रस्त्याला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"अगं ए, वर कुणी आहे का? तुझी ही जाळी उघडत नाही."

पेंटरकाका तिथेच होते. येता-जाता मला न्याहाळायची त्यांना सवयच लागली होती. "नीट समोर उभं राहायला हवं," ते म्हणाले.

"समोर उभी राहून पाय दुखले माझे. भिंतीलाच सांगा जरा पुढे यायला."

बॉबिन मूळ कागद घेऊन धावत खाली आली. कागदावर फोन धरला, पान उघडलं. माझ्यावर धरला, काही नाही. मग तिची नजर कोपऱ्यात गेली.

"काका, हा चौथा चौकोन कुणी काढला?"

"मी. कागदावर राहून गेला होता. म्हटलं, घरचंच काम आहे, कशाला बोलून दाखवायचं? गुपचूप सुधारून टाकलं."

बॉबिनने कागदावरचा तो कोपरा दाखवला. "काका, तो तिथे मुद्दामच नाही. बाकीच्या तीन चौकोनांवरून फोनला कळतं, वरची बाजू कुठली, खालची कुठली. चौथाही तसाच दिसला की तो गोंधळतो. शिवाय तिथले बारीक चौकोन तुमच्या चौकोनाखाली गेले."

काका माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे मी नटवायच्या नादात त्याची वाचाच घालवली."

पण बॉबिन भलत्याच विचारात होती. "म्हणजे इतके दिवस जी माणसं थांबून गेली," ती हळूच म्हणाली, "त्यांनी काही वाचलंच नव्हतं?" आणि ती भिंतीला टेकून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसत राहिली.

काकांनी कोपऱ्यावर पांढरा हात मारला. तो वाळेपर्यंत बॉबिन मावशींना म्हणाली, "मशीन घेऊन या ना, मी आत्ताच बघते."

"मशीन पळून जात नाही," म्हणत मावशी गादीवाल्यांच्या एका गुंडाळीवर ठाण मांडून बसल्या. "एवढी उभी राहिले ती काय उगाच? आता हे उघडलेलं बघूनच जाईन."

दुपारी बॉबिन कागदावरून वाचत होती, काका भरत होते. "काळा. पांढरा. पांढरा. काळा." काकांनी आपल्या मनाचं एकही टिंब घातलं नाही. ते त्यांना किती जड गेलं, हे मी अंगावर अनुभवलं आहे.

मावशींनी फोन धरला आणि पान उघडलं. जिन्याची वाट होती, वेळा होत्या, आणि त्याखाली सुई कशी बसवावी याची चित्रं. मावशींनी ती डोळ्यांजवळ नेली.

"अगं बाई, सपाट बाजू मागे ठेवायची होय. मी पुढे ठेवली." त्या उठल्या आणि सुई फिरवायला घरी निघून गेल्या.

वर दुकानात येऊन बसलेल्या आईचा खिडकीतून आवाज आला, "झालं. पहिलं गिऱ्हाईक भिंतीवरूनच बरं होऊन गेलं."

सोमवारी मात्र मावशी परत आल्या. बरोबर त्यांच्या शिवणवर्गातल्या आणखी काही जणी, प्रत्येकीच्या काखेत मशीन. "खोड कुठली ते ही पोरगी आधीच भिंतीवर सांगून टाकते," मावशी त्यांना सांगत होत्या. "हिच्याकडे मशीन टाकायला भीती नाही." तेवढ्यात कंपनीचा फोन वाजला. बॉबिनचे हात तेलाने माखलेले. आईने फोन तिच्या कानाला लावला.

"माफ करा, यायला जमणार नाही," बॉबिन म्हणाली. "जिन्यात मशीनं आहेत." आणि खरोखरच दोन वाक्यांत फोन संपला.

मित्रांनो, आता माझा रंग उडत चालला आहे. जमलं तर माझ्यावर जाहिराती चिकटवू नका. माझ्यावर कुणी दुसराच कोड डकवलेला दिसला तर त्याच्या मागे जाऊ नका, वर कळवा. आणि एखादा कोड उघडला नाही, तर फोन पुसून गुपचूप चालू लागू नका. तुम्ही वाचून निघून गेलात, असं समजून आत कुणीतरी सामानाची आवराआवर करत असेल. बिनधास्त हाक मारा.