अर्धा राहिलेला तेराचा पाढा

केळीच्या सोपटातून काढलेल्या ओल्या वाकाला एक मंद, मातीसारखा वास असतो. आईच्या बोटांना तो बाराही महिने येतो. उन्हं माडांच्या शेंड्यांवर चढली, खाणीकडून येणारे ट्रक थांबले आणि त्यांनी उडवलेली तांबडी धूळ सावकाश तगरीच्या पानांवर उतरू लागली, की आई ओसरीवर सूप घेऊन बसते. सुपात अबोली. फुलं जोडीने उचलायची, वाकाचा वेढा घालायचा, पुढची जोडी घ्यायची. त्या हालचालीत घाई नसते आणि विसावाही नसतो. आमच्या नदीला भरती येते ती अशीच, पाहता पाहता न दिसणारी. काळोख पडेपर्यंत तिच्या मांडीवर वळेसर लांबत जातो.

माझी धाकटी बहीण नमू तेव्हा तिच्या शेजारी बसून पाढे म्हणायची. चौथीतलं मूल पाढे म्हणतं यात नवल नाही. नवल हे, की आईचेही ओठ हलायचे. दोडामार्गाकडच्या तिच्या माहेरी दुसरीतच तिची शाळा सुटली होती. मी पाढे घोकत होते त्या वर्षांत तिच्या डोक्यावर भाताचे भारे असत, ओसरीवर टेकायला तिला सवड नव्हती. आता नमूच्या आवाजामागून, अर्ध्या श्वासाच्या अंतराने, ती चालत होती. बेपासून निघालेली ही वाट तेरापर्यंत आली होती. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी पुस्तकाचं पान उलटलं. बोलले असते तर ते ओठ मिटले असते, अशी मला भीती वाटली.

गोवा राज्य होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. जवळच्या साखळी गावातल्या भिंतींवर मराठी-कोकणीच्या भांडणातल्या घोषणा अजून अर्धवट पुसलेल्या दिसत, आणि मालवणीत बोलणारी आई त्यांच्यासमोरून, जणू त्या दूरच्या नातलगांच्या कज्ज्याच्या असाव्यात, तशी निमूट पुढे जाई. अशातच शाळेच्या बाईंनी निरोप पाठवला: मुलीला गणिताची गोडी आहे, शाळेतलं तिला पुरत नाही, एखाद्या शिकवणीच्या वर्गाला घाला.

"तू कॉलेजात जातंस, तूच सांग," आई मला म्हणाली.

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे ज्याचं उत्तर कुणालाच ठाऊक नाही ते मला ठाऊक असणार, असा घरातला समज. बाबा खनिजाचा ट्रक चालवतात. ते हात धुता धुता हसले. "तिका काय इचारतंस? ती इतिहास शिकता. गणितात ती माझ्याच वळणार गेली."

आम्ही तिघी जवळपासचे दोन वर्ग पाहून आलो. एक वाड्यावरच, निवृत्त बाईंच्या सोप्यावर. तिथे चिंचोक्यांच्या राशी होत्या, मांजर होतं, मुलं हसत हसत राशी मोडत आणि पुन्हा लावत होती. दिवेलागणीच्या आत सगळी घरी. दुसरा साखळीला, तांदळाच्या दुकानाच्या माडीवर. काळा फळा, ओळीत बसलेली मुलं, आणि खिडकीशी उभे, खडूने पांढरे झालेले हात मागे धरलेले सर. तो वर्ग सुटून बस मिळेपर्यंत काळोख होणार. दोन्ही ठिकाणं मला चांगली वाटली. तसं मी सांगितलं, आणि सांगताना लक्षात आलं की हे काही उत्तर नव्हे.

मग आई आम्हा दोघींना घेऊन सातेरीच्या देवळात गेली. आमच्याकडे लग्न असो, विहीर असो, देवीला प्रसाद लावल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. गुरव ओल्या पाकळ्या देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांना चिकटवतात. ज्या अंगाची आधी पडेल तो कौल. पण गणिताच्या वर्गासाठी देवीला विचारणारी आई बहुधा पहिलीच. उजवी बाईंची, डावी सरांची, असं ठरलं. समईची ज्योत एवढी स्थिर होती की पाषाणावरून ओघळणारा थेंबही मला दिसत होता. उजवी पाकळी पडली.

नमू आता दिवेलागणीला घरीच असणार होती. आईचा चेहरा क्षणभर ढगातून ऊन निसटावं तसा उजळला. आणि लगेच, कुणीतरी चोरी पकडल्यासारखा, मावळला. ती उठली नाही.

"माये, ह्या तू माझ्या मनातला सांगलंस," ती हात जोडून म्हणाली. "आता माझ्या ह्या चेडवाच्या भल्याचा सांग."

गुरव चपापले. "वयनी, देवीन एकदां सांगलें. परत विचारचें न्हय."

"भाऊ, लावा तुम्ही."

त्यांनी लावल्या. आम्ही बसून राहिलो. पाकळ्यांवरचं पाणी सुकत आलं, बाहेर पिंपळात पाखरं बोलू लागली. दोन्ही पाकळ्या तिथेच. शेवटी गुरव हळू आवाजात म्हणाले, "देवी आयज आनी काय सांगची ना. घरा वचात."

देवळाच्या पायऱ्यांवर आई चपला न घालताच बसली आणि प्रथमच तिने नमूकडे वळून पाहिलं. "तुका खंय जावचा गो?"

"माका आतापर्यंत कोणी इचारूकच नाय!" नमू फणकारली. मग म्हणाली, "साखळेक. त्या दिवशी एका चेडवान सरांका इचारल्यान, शून्याक शून्यान भागल्यार किती? सर म्हणाले, विचार करून उद्या सांगतंय." तिने आईचा पदर ओढला. "त्यांनी काय सांगल्यानी, ता माका अजून कळाक नाय."

आईने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. तो हात तिथे जरा जास्तच रेंगाळला.

"जा तर," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी नमू बसमधून उतरली ती उत्तर घेऊनच. "आई, त्याका एक असा उत्तरच नाय! खयचोय आकडो घेतलो तरी जमता, म्हणान कुठलोच खरो नाय."

"म्हणजे देवीच्या दुसऱ्या कौलासारख्याच," आई म्हणाली, आणि त्या दोघी ओसरीवर पोट धरून हसल्या.

आता संध्याकाळी ओसरीवर आई एकटीच असते. मी कोपऱ्यात पुस्तक उघडून बसते, पण कान तिच्याकडे. नमू पुढे निघून गेली आहे. तिच्या वहीत आता अपूर्णांक आहेत. आईचा पाढा मात्र ज्या संध्याकाळी थांबला त्याच संध्याकाळी थांबून आहे. वाकाच्या वेढ्यागणिक ती पुटपुटते. तेरा साते एक्याण्णव इथवर येते, आणि शंभराच्या उंबऱ्याशी बोटं अडतात. परवा मी धीर करून म्हटलं, "पुढचं सांगू?"

"नको," ती म्हणाली. "नमू येवंदे."

पुढचा आकडा मला येतो. पण मी तो तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेत ठेवत नाही. नमू बसमधून उतरेल, दमलेली असेल, जेवून झोपेल. आणि उद्या आई पुन्हा एक्याण्णवाशी येऊन थांबेल. मला वाटतं, काळ माणसांना पुढे नेतो तेव्हा प्रत्येक घरात असा एक आकडा न उच्चारता ठेवलेला असतो. तो कुणाला येत नाही म्हणून नव्हे, तर तो म्हणणाऱ्या आवाजाची वाट कुणीतरी अजून पाहत असतं म्हणून.