नाताळचा गल्ला

"पपा, नाताळसाठी साठवलेला आपला गल्ला दरवर्षी गणपतीतच कसा फुटतो?"

हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती, म्हणून जेवताना विचारून टाकलं. गणपतीत पपा नौपाड्यात माझ्या वर्गातल्या मालनच्या घरी पत्ते खेळायला बसतात आणि तिच्या वडिलांकडून हरतात, हे आमच्या अख्ख्या वर्गाला ठाऊक आहे.

"अगं फिलू, देवापुढचा खेळ तो. नाही कसं म्हणायचं?"

"देव त्यांचा, आणे आपले," आई म्हणाली. "आणि पोरीला तिसऱ्या नाताळलाही तोच फ्रॉक, खालची दुमड उसवून लांब केलेला."

मी सावकाश पाणी प्यायले आणि सांगितलं, "मी ठरवलंय. यंदा गल्ला मालनच्या आईकडे ठेवणार. नाहीतरी आपले पैसे शेवटी त्याच घरात जातात."