विश्वनाथचं मोकळं मन

माझ्या नवऱ्याने मन मोकळं केलं तेव्हा मी खसखशीवर अनारसे थापत होते. दिवाळी तोंडावर आलेली, रविवारची दुपार, आणि हा स्वयंपाकघरात स्टूल ओढून समोर येऊन बसला. मला वाटलं, चव बघायला आला असेल.

विश्वनाथ नुकताच दिल्लीजवळच्या सूरजकुंडहून परतला होता. मंत्रालयाने त्यांच्या सेक्शनच्या अधिकाऱ्यांना मनावरचा ताण कमी करायच्या शिबिराला पाठवलं होतं. तिथल्या ट्रेनरने सांगितलं म्हणे, की नवराबायकोत काही लपलेलं असू नये, जे असेल ते जोडीदाराला सांगून टाकावं आणि हलकं व्हावं. डॉक्टर कधीपासून मीठ कमी करा म्हणून सांगताहेत, तो सल्ला याने कानाआड केला. हा मात्र घरी येताच अमलात आणला.

त्याने जे सांगितलं ते थोडक्यात असं. रात्री आम्ही जवळ येतो तेव्हा डोळे मिटल्यावर त्याच्यापाशी मी नसतेच. प्रमोदिनी असते. आजची गोष्ट नाही, बरीच वर्षं.

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण मन पूर्ण मोकळं करायचं होतं ना. मग ती केस वर बांधते तेव्हाची मान, वरच्या फळीवरचा डबा काढताना ताणलेली कंबर, सगळं आलं. सांगताना त्याचा आवाज मऊ झाला होता. माझी भाजी चांगली झाली म्हणतानासुद्धा तो कधी इतका मऊ होत नाही.

प्रमोदिनी आमच्या वरच्या मजल्यावर राहते. पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवते. तिला भाऊ नाही. सरोजिनीनगरच्या या क्वार्टर्समध्ये ती नवी आली तेव्हा भाऊबीजेला जिन्यात एकटीच रडत बसलेली मला दिसली. मीच तिला हाताला धरून घरात आणलं, मीच पाट मांडला आणि विश्वनाथला त्यावर बसवून म्हटलं, की घे, हा तुझा भाऊ. तेव्हापासून ती त्याला दादा म्हणते आणि दर भाऊबीजेला ओवाळते. तबक माझंच असतं. दिल्लीत मला बहीण म्हणावी अशी ती एकच आहे.

"मी काही केलं तर नाही ना, कुमुद," तो म्हणाला. "फक्त मनात."

"मग मनातच का नाही ठेवलंत?"

तो गोंधळला. लपवणं म्हणजे तुझी फसवणूक झाली असती, ट्रेनरने बिल्कुल हेच समजावलं, असं काहीतरी म्हणाला. मग उठला, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि आपल्याला किती बरं वाटतंय ते सांगून झोपायला गेला. बाजारातून आल्यावर पिशवी बायकोच्या हातात देऊन पंख्याखाली बसावं, तसा. थोड्या वेळाने घोरण्याचा आवाज आला. माझा तो सगळा घाणा हसला. अनारसे तेलात विरघळून पसरले आणि मी ते कढईतून खरवडून काढून फेकून दिले.

तोंडावर मी त्याला अहोच म्हणते. मनात त्या दुपारपासून अरेतुरेवर आले आहे.

मी काही सोवळी नाही. ग्रीन पार्कच्या एका दातांच्या डॉक्टरवर माझाही जीव जडला होता. माझ्या दाढा किडल्या त्यापेक्षा जास्त वेळा मी त्याच्याकडे गेले असेन, आणि घरी येऊन काय काय मनात आणलं ते माझं मला माहीत. तो माझ्या मनात आला, राहिला आणि निघून गेला. त्याला त्याचा पत्ता नाही, विश्वनाथलाही नाही. माणसाच्या मनात काय येईल यावर कुणाचा हुकूम चालत नाही, हे मला पटतं. माझी किळस विचाराची नव्हतीच. हा माणूस तो विचार घेऊन पाटावर बसायचा, दादा म्हणवून घ्यायचा, कुंकू लावून घ्यायचा, याची होती. आणि त्याच्या मिटलेल्या डोळ्यांची. ते डोळे मी इतकी वर्षं माया समजत होते. आता त्यातली एकेक रात्र आठवली की अंग खरवडून धुवावंसं वाटायचं.

प्रमोदिनी करंज्यांना मदत करायला आली तेव्हा मी तब्येतीचं कारण सांगून तिला दारातूनच परत पाठवलं. पाडव्याला विश्वनाथला ओवाळलं ते त्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघत. संध्याकाळी त्याला म्हटलं, उद्या तुम्ही फरीदाबादला तुमच्या मित्राकडे जा, मी तिला काहीतरी सांगते.

"कशाला?" तो म्हणाला. "उलट आता माझं मन साफ झालंय. आता तर मी खऱ्या अर्थाने तिचा भाऊ म्हणून बसेन."

त्याला ते मनापासून वाटत होतं, आणि हेच सगळ्यात घाणेरडं होतं.

प्रमोदिनीला सांगावं का, यावर मी रात्रभर कूस बदलत राहिले. न सांगावं तर ती उद्या काहीही ठाऊक नसताना त्याच्यापुढे वाकणार. सांगावं, तर तिचा दादा जाणार, आणि जे मी ऐकलं ते तीही जन्मभर ऐकत बसणार. काहीच ठरलं नाही.

भाऊबीजेला ती नेसून आली ती मोरपिशी साडी, माझ्याबरोबर करोल बागेतून घेतलेली. तिने दादासाठी स्वतः विणलेला मफलर आणला होता. विश्वनाथ न्हाऊनमाखून पाटावर बसला, डोक्यावर रुमाल. मी निरांजन लावून तबक तिच्या हातात दिलं. ती वाकली, कुंकवाचं बोट तिने त्याच्या कपाळाला लावलं, आणि त्याने डोळे मिटले.

"डोळे उघडा," मी म्हणाले.

आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. प्रमोदिनी हसली. म्हणाली, "असू द्या हो वहिनी, कुंकू डोळ्यांत जाईल दादांच्या." विश्वनाथने डोळे उघडले आणि तबकातल्या सुपारीकडे बघत राहिला. तिने ओवाळलं, त्याने पाकीट घातलं, ती वाकून पाया पडली. ती वाकली तशी मला तिची मान दिसली, केस वर बांधलेले होते. मी पुढे होऊन तिचा पदर ओढून खांद्यावर घातला. ती दचकली.

नंतर ती नेहमीसारखी माझ्यामागे स्वयंपाकघरात आली आणि फराळाचा डबा काढायला वरच्या फळीकडे हात नेला. मी बघायचं नाही म्हणत होते, आणि बघत होते. ताणलेली कंबर, साडीच्या निऱ्या, पाठ. इतकी वर्षं ही बाई माझ्या घरात वावरतेय, तिला अंग आहे हे मी कधी बघितलं नव्हतं. आता अंगाशिवाय काही दिसेना.

तिने वळून पाहिलं. हात खाली घेतला.

"वहिनी, आल्यापासून तुम्ही माझ्याकडे अशा काय बघताय?" ती हळू म्हणाली. "मला कसंतरीच होतंय. बसमध्ये लोक बघतात ना, तसं."

माझ्या तोंडात सगळं आलं होतं. मी नाही बघत गं, हे त्याचे डोळे आहेत, त्याने माझ्यात बसवले आहेत. एका वाक्यात मी तिच्या नजरेत पुन्हा स्वच्छ झाले असते. मग मीही त्याच्यासारखी हलकी होऊन पंख्याखाली बसले असते, आणि पिशवी तिच्या हातात गेली असती.

"काही नाही," मी म्हणाले. "डोकं दुखतंय."

तिला ते पटलं नाही. तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून घेतला. आमच्या घरात तिने तसं कधी केलं नव्हतं. अच्छा, निघते मग, म्हणाली आणि फराळ न करताच गेली. जाताना दादाला मात्र वाकून नमस्कार केला आणि मफलर थंडीत नक्की घाला म्हणून बजावलं.

विश्वनाथ मफलर गळ्यात घालून करंजी खात बसला होता. प्रमोदिनी इतक्यात कशी गेली, तुमचं दोघींचं काही बिनसलं का, असं त्याने काळजीने विचारलं. मनात ठेवू नकोस, म्हणाला, बोलून टाक, बरं वाटेल.