गार्बटांच्या मागच्या खोलीतला पलंग

मित्रांनो, मी एक जुना पलंग आहे. एकाच माणसापुरता. उशाशी आणि पायाशी आडव्या पट्ट्या, मधे लोखंडी जाळी. इंग्लंडात टीज नदी समुद्राला मिळते तिथे पोलादाचे कारखाने होते, त्यांच्या मागे एका सुताराचं दुकान होतं. त्यानं मला पाइनच्या लाकडातून घडवलं. क्लिफ गार्बट तेव्हा भट्टीवर कामाला होता. त्यानं आपल्या लेकीसाठी, जॅनीससाठी, मला विकत घेतलं. जिन्यातून वर नेताना माझा पाय भिंतीला घासला. तेव्हा त्याची बायको नॉर्मा खालून ओरडली, "अरे, भिंत पाडू नकोस! आपली नाही ती." घर सरकारी होतं, भाड्याचं.

जॅनीस माझ्यावरच वाढली. तिच्या उड्यांनी जाळीच्या कड्या तुटल्या, त्या क्लिफनं तारेनं बांधल्या. "बघ, भट्टीवरसुद्धा एवढं पक्कं काम होत नाही," तो म्हणाला. तो मला म्हणाला नव्हता, स्वतःच्या कामाला म्हणाला होता. पण मी ते माझंच कौतुक समजलो. पुढे जॅनीस लग्न करून दूर स्कॉटलंडला गेली. मग बरीच वर्षं माझ्यावर धुतलेले कपडे पडून असायचे.

मग क्लिफची छाती बिघडली. भट्टीची धूळ, डॉक्टर म्हणाले. पुढच्या खोलीत त्याच्यासाठी दवाखान्यातल्यासारखी वरखाली होणारी खाट आली, शेजारी प्राणवायूचं यंत्र आलं. ते रात्रभर घरघरायचं. तिथे दुसऱ्या माणसाला पाय ठेवायलाही जागा उरली नाही. नॉर्मा माझ्याकडे झोपायला आली. दोन्ही दारं ती उघडी ठेवायची. क्लिफ खोकला की उठायची, त्याला बसतं करायची, पाठ चोळायची. परत यायची तेव्हा तिचे पाय बर्फासारखे असायचे. मी काही करू शकत नव्हतो. निजायला जागा द्यायची, एवढंच माझं काम.

घराचं भाडं सरकारी मदतीतून जायचं. मग नवा नियम निघाला, की ज्याच्या घरात जादा खोली आहे त्याची मदत कापायची. घरांच्या कचेरीतून एक बाई आली. तिनं दारातूनच माझ्याकडे पाहिलं.

"इथं कोण झोपतं?"

"मी," नॉर्मा म्हणाली.

"आणि मिस्टर गार्बट?"

"पुढच्या खोलीत. त्या खाटेवर माझा एक हात मावेल, फार तर."

"नवरा-बायकोला मिळून एक खोली, असा नियम आहे. ही जादा धरावी लागेल."

पुढच्या खोलीतून क्लिफचा आवाज आला, "तिला म्हणावं, आजची रात्र माझ्याशेजारी निजून बघ. नॉर्माची हरकत नाही!"

ती बाई हसली नाही. रागावलीही नाही. "लहान घर रिकामं झालं की कळवू. तोवर कमी पडेल ते तुम्हीच भरायचं," असं म्हणून ती गेली.

त्यानंतर फक्त क्लिफच्या खोलीत हीटर लागायचा. नॉर्मा अंगातल्या कोटासकट माझ्यावर निजायची. क्लिफला सांगायची, शेजारच्या मॅव्हिसकडे जेवून आले. मॅव्हिसला सांगायची, क्लिफबरोबर जेवले. एकदा ती दोन्ही वाक्यं मी एकाच संध्याकाळी ऐकली.

मॅव्हिस बोलायला फटकळ, पण रोज येऊन क्लिफला कूस बदलायला हात लावायची. एक दिवस ती माझ्यावर बसून म्हणाली, "अगं, पलंगच नसला तर ही झोपायची खोली ठरवतील कशी? काढून टाक. माझ्या शेडमध्ये ठेवू."

"आणि मी कुठं निजू?"

"काढ थोडे दिवस खुर्चीत. त्यांनी कागदावरून ही जादा खोली खोडली की घेऊन जा परत. तुझा पलंग मी काय खाणार आहे?"

दोघींनी मिळून माझे स्क्रू काढले. मी सुटा सुटा होऊन मॅव्हिसच्या मागच्या अंगणातल्या शेडमध्ये आलो. गवत कापायच्या यंत्राशेजारी मला भिंतीला टेकवलं.

कचेरीतली बाई पुन्हा येऊन गेली. काय झालं ते मी शेडच्या उघड्या दारातून ऐकलं. मॅव्हिस कपडे वाळत घालत होती, नॉर्मा कुंपणापलीकडे उभी होती.

"काय म्हणाली गं भवानी?"

"म्हणाली, पलंग असो नसो, खोली ती खोली."

मॅव्हिसनं एक शिवी हासडली. "मग चल, पलंग परत नेऊ."

"राहू दे," नॉर्मा म्हणाली. "ती खोली फार गारठते. खुर्ची निदान हीटरजवळ आहे."

त्यांना लहान घर मिळालं ते नदीपलीकडे, उंच इमारतीत. खाट आणि यंत्र ठेवल्यावर तिथे खुर्चीपुरतीच जागा उरली. म्हणून मी इथेच राहिलो. मॅव्हिसला तिथे जायला दोन बस बदलाव्या लागायच्या. रोज जमेना. एकटीनं क्लिफला उचलता उचलता नॉर्माची पाठ गेली. मग क्लिफला शुश्रूषागृहात ठेवलं. त्याचा सगळा खर्च सरकार करतं.

गार्बटांचं घर तसंच पडून आहे. खिडक्यांना पत्रे ठोकलेत. दोन खोल्यांचं घर घ्यायला आता कुणी धजावत नाही.

मध्यंतरी नॉर्मा आली होती. मॅव्हिसनं तिला शेडमध्ये आणलं.

"आता जागा झाली असेल की तुझ्याकडे. घेऊन जा हा. माझा पुतण्या गाडीतून आणून देईल."

नॉर्मानं माझ्या पट्टीवर हात ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला.

"नको गं," ती म्हणाली. "मला आता आडवं होऊन झोपच येत नाही."

दोघी आत चहा प्यायला गेल्या. शेडचं दार मॅव्हिसनं ओढून घेतलं.

मित्रांनो, मला राग येत नाही, रडूही येत नाही. लाकडात ओल शिरते आहे, तेवढं कळतं. पण जाळी अजून शाबूत आहे, स्क्रू एका डब्यात नीट ठेवलेत. तुमच्या ओळखीत कुणी खुर्चीत बसून रात्र काढत असेल, तर त्यांच्याकडे मला पोचवा. माणसाची पाठ सरळ व्हायला फार जागा लागत नाही हो. आणि पाठीला आडवं होण्याची सवय आहे तोवरच ती जागा द्यायला हवी.