देवाचा बैल, सरकारची बंडी

सरकारनं धावजीला बैलजोडी अन् बंडी दिली, अर्धी कर्जानं, अर्धी अनुदानात. राजूरच्या खाणीतला कोळसा वणीच्या स्टेशनावर पोचवायचा आणि पोट भरायचं. अट एवढीच, की जोडी जुंपलेली दिसली पाहिजे, नाही तर सगळं परत. पिढ्यान् पिढ्या बैलांच्या पाठीवरून मीठ-धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांच्या तांड्याला बैल कामाला लावा म्हणून बजावायचं, याचं धावजीला हसूच आलं होतं.

ते हसू फार टिकलं नाही. धाकटी गंगी तापानं फणफणली, डोळे उघडेना. त्याच्या बायकोनं, रामीबाईनं, आव पाहिला ना ताव; दारातल्या पांढऱ्या बैलाच्या कपाळाला कवड्यांची पट्टी बांधली आणि तांड्याच्या देवाला, सेवाभायाला हात जोडले, "पोरगी वाचव, हा बैल तुहा."

गंगी वाचली. देवाला दिलेल्या बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, हे तांड्यातलं शेंबडं पोरही जाणतं. बैल सरकारचा आहे, हे मात्र त्या घटकेला दोघांच्याही डोक्यात आलं नाही. येणार तरी कसं? लेक हातची चालली होती!

बंडी दारात नुसती उभी राहिली. मग साहेब पाहणीला येणार असल्याचा निरोप आला. दुसरा बैल जुंपावा, तर सरकारी जोडीच्या शिंगांवर डाग दिलेला.

"पट्टी सोड," धावजी म्हणाला.

"मी नाही सोडत. मले पोरगी पाह्यजे."

"अन् तिले खायले काय घालशीन?"

रामीबाईनं गंगीला पदराखाली घेतलं. धावजीचाही जीव कात्रीत सापडला होता.

सकाळी त्यानं स्वतःच पट्टी सोडली. बैलानं मुकाट्यानं मान जुवाखाली दिली. त्या बिचाऱ्याला ना देव कळत होता, ना सरकार.

साहेब जीपमधून उतरले, जोडी पाहून खूश झाले. तेवढ्यात गंगी धावत आली आणि बंडीत चढली.

"उतर खाली!" धावजी एवढ्यानं ओरडला, की पोर दचकली.

"अहो, बसू द्या लेकीला," साहेब हसले. "चला, जोडी चालते कशी ते बघू."

आता कुणाला काय सांगायचं? धावजीनं गंगीला जवळ ओढलं आणि बंडी हाकली.

"बा, हा तं देवाचा बैल होय ना?" तिनं विचारलं.

 धावजीच्या एका हातात कासरा होता, दुसरा गंगीच्या कपाळावर. कपाळ गार होतं. तरी वणी येईपर्यंत त्यानं हात काढला नाही.